बिटकॉइनची वही स्वच्छ आहे, आश्वासनांची नाही

माझा व्यवसाय ऑडिटचा. कोणताही आकडा समोर आला की दोन गोष्टी विचारायच्या, ही सवय अंगात मुरली आहे: हा आकडा कुणी तपासला, आणि यातले पैसे आले कुठून. क्रिप्टोबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण या विषयावर बोलणाऱ्या बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. पण आता प्रश्न माझ्या बहिणीच्या निवृत्तीच्या पैशांचा आहे. तिच्या मुलाला त्यातला मोठा हिस्सा क्रिप्टोत ठेवायचा होता. माझा हा भाचा प्रोग्रामर आहे, हुशार आहे, आणि आईचं भलं व्हावं यापलीकडे त्याचा काही हेतू नाही. त्याला तोंडदेखलं उत्तर देऊन चाललं नसतं. आमचा वाद पुष्कळ दिवस चालला, आणि त्यातून माझं जे मत बनलं ते इथे लिहिते आहे.

'क्रिप्टो' नावाची एकच एक वस्तू नाही, आणि निम्मे वाद इथेच घोटाळतात. बिटकॉइनचं जाळं, म्हणजे जगभरच्या संगणकांवर मिळून राखली जाणारी व्यवहारांची उघडी वही, ही एक गोष्ट. त्या जाळ्याच्या आसपास दुकान थाटून लोकांच्या ठेवी घेणाऱ्या आणि व्याज देऊ म्हणणाऱ्या कंपन्या ही अगदी वेगळी गोष्ट. आणि नावात नुसतं 'कॉइन' घालून, मागे काहीही नसताना पैसे उकळणारे आणखी वेगळे. 'घोटाळा आहे' म्हणणारा या शेवटच्यांचं उदाहरण देतो, 'डिजिटल सोनं आहे' म्हणणारा पहिल्याचं. साध्या, सावध माणसाला फसण्याचा खरा धोका मात्र मला मधल्या कंपन्यांत दिसतो.

आधी घोटाळ्याचा आरोप तपासू. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीनं ४५ दिवसांत ५० टक्के परतावा देऊ केला. आंतरराष्ट्रीय टपालाची उत्तर-कूपनं एका देशात स्वस्त घेऊन दुसऱ्या देशात वटवतो, असं तो सांगे. त्यानं गोळा केलेल्या रकमेला पुरतील एवढी कूपनं जगात नव्हतीच. जुन्या लोकांचे पैसे तो नव्यांच्या पैशांतून भागवत होता. डिसेंबर २००८ मध्ये बर्नी मेडॉफचं प्रकरण फुटलं, त्यातही हेच. खातेदारांच्या कागदांवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते, आणि त्यामागे दाखवलेले खरेदी-विक्रीचे व्यवहार झालेलेच नव्हते. परताव्याचं आश्वासन, पैसे हातात घेणारा एक मधला माणूस आणि कुणालाही उघडून न दाखवलेली वही, या खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत.

बिटकॉइनमध्ये त्या शोधायला गेले तर सापडत नाहीत. ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या टोपणनावानं नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक, म्हणजे त्या वहीचं पहिलं पान, तयार झाला. त्या लेखात परताव्याबद्दल एक ओळ नाही. पैसे भरायला कार्यालय नाही, प्रवर्तक नाही, कमिशन नाही. सातोशी कोण हे आजही सिद्ध झालेलं नाही. २०११ नंतर त्याचा मागमूस लागला नाही, आणि त्याची समजली जाणारी दहा लाखांच्या आसपासची नाणी जागची हललेली नाहीत. लोकांना गंडवून पळणारा माणूस स्वतःचा वाटा असा टाकून जात नाही.

भाच्यानं मला याच्याही पुढे नेलं. "मावशी, तू आकड्यांशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीस ना? मग तूच ऑडिट कर," म्हणाला. त्याच्या संगणकावर पूर्ण नोड, म्हणजे ही सगळी वही राखणारा आणि तपासणारा प्रोग्राम, चालतो. २००९ पासूनच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद, पाचशे जीबीहून मोठी वही, त्यानं स्वतः उतरवून पहिल्या ओळीपासून तपासून घेतलेली आहे. त्यानं एक आज्ञा दिली, जरा वेळ गेला, आणि अस्तित्वात असलेल्या एकूण नाण्यांची बेरीज पडद्यावर आली. मी ती कागदावर वेळापत्रकाशी ताडून पाहिली: सुरुवातीला दर ब्लॉकमागे ५० नवी नाणी, मग २०१२, २०१६, २०२० आणि एप्रिल २०२४ मध्ये दर वेळी निम्मी होत आता ३.१२५. प्रत्यक्ष बेरीज वेळापत्रकापेक्षा किंचित कमी भरली. मी लगेच बोट ठेवलं. त्याचंही कारण निघालं: पहिल्या ब्लॉकची ५० नाणी रचनेमुळे खर्चताच येत नाहीत, आणि पुढे काही मायनरांनी, म्हणजे नवे ब्लॉक जोडून ही नवी नाणी मिळवणाऱ्यांनी, आपलं पूर्ण बक्षीस उचललेलंच नाही. फरक का पडला, याचा खुलासाही त्याच वहीत होता. माझ्या व्यवसायात असा ताळमेळ क्वचित बघायला मिळतो. एखाद्या चलनाची सगळीच्या सगळी बेरीज कुणाचीही परवानगी न घेता, कुणाच्याही सहीवर विसंबून न राहता तपासता येणं हे मोठं काम आहे. ज्यांनी हे घडवलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि तो मी हातचं राखून देत नाही.

याच्याशेजारी वनकॉइन ठेवून पाहा. बल्गेरियातून रुजा इग्नातोवा आणि तिच्या साथीदारांनी २०१४ पासून ते जगभर विकलं. विक्री साखळी पद्धतीनं, माणसामागे माणूस जोडत. नाण्यांचा भाव कंपनीच ठरवी. कुणालाही तपासता येईल अशी ब्लॉकचेन, म्हणजे ब्लॉकांची वही, नव्हतीच. अमेरिकी तपास यंत्रणांच्या हिशेबानं लोकांचे चार अब्ज डॉलर त्यात गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती बाई विमानानं अथेन्सला उतरली आणि नाहीशी झाली. २०२२ मध्ये एफबीआयनं तिचं नाव दहा मोस्ट वाँटेडच्या यादीत घातलं. ही माणसं आणि बिटकॉइन एका तराजूत घालणं अन्यायाचं आहे.

मात्र घोटाळा नाही, एवढ्यावरून ती चांगली साठवण ठरत नाही. भाचा इथेच घाई करत होता. त्याचं म्हणणं: २ कोटी १० लाखांपलीकडे नाणी निघणार नाहीत, गणितानं बांधलेलं आहे, म्हणून मूल्य टिकणार.

दोन घटना या म्हणण्याच्या आड येतात. १५ ऑगस्ट २०१० ला कुणीतरी प्रोग्राममधली एक चूक वापरून एकाच ब्लॉकमध्ये १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन तयार केली. प्रोग्रामनं ती मान्य केली. काही तासांत दुरुस्त प्रोग्राम आला, जाळ्यावरच्या लोकांनी तो घेतला, आणि तो ब्लॉक मागे टाकून साखळी पुढे गेली. म्हणजे त्या दिवशी मर्यादा राखली ती माणसांनी, एकमतानं. दुसरी घटना १ ऑगस्ट २०१७ ची. जाळ्यात फूट पडली आणि बिटकॉइन कॅश नावाचं वेगळं नाणं निघालं. त्याची वही तोपर्यंतची तीच, मर्यादाही तीच २ कोटी १० लाखांची. तरी त्याचा भाव बिटकॉइनच्या मानानं अगदी किरकोळ आहे. मर्यादेतूनच मूल्य आलं असतं तर दोन्ही सारखी चालली असती. एका नाण्यामागे माणसं उभी राहिली, दुसऱ्यामागे राहिली नाहीत. मूल्य येतं ते उद्याही कुणीतरी घेईल या समजुतीतून. सोन्याचंही बरंचसं असंच आहे, हे मला मान्य आहे. पण सोन्यामागची समजूत हजारो वर्षांची, आणि बिटकॉइननं अजून विशीही गाठलेली नाही.

मुळात साठवण म्हणजे काय? माझ्या लेखी तिची कसोटी एका तारखेची आहे. मला ज्या दिवशी पैसे लागतील त्या दिवशी, मी ठेवले तेवढ्या किमतीचे ते असले पाहिजेत. दहा वर्षांची सरासरी कितीही देखणी असो, शस्त्रक्रियेचं बिल सरासरीनं भरता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन २०,००० डॉलरच्या जवळ पोचलं आणि वर्षभरात ३,२०० च्या आसपास आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ६९,००० च्या घरात होतं, पुढच्या नोव्हेंबरात १६,००० च्याही खाली. पहिल्या वेळी सहातला एक हिस्सा उरला, दुसऱ्या वेळी चारातला एकही पुरता नाही. १२ मार्च २०२० ला तर एका दिवसात जवळपास चाळीस टक्के भाव गेला, आणि तो दिवस असा होता की सगळं जग घाबरलेलं होतं आणि हाताशी रोख हवी होती.

"पण चार वर्षं धरून ठेवलं तर आजवर कुणी बुडालेलं नाही," भाचा म्हणाला. आजवरचं हे वाक्य आकड्यांशी बरंचसं जुळतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव सव्वा लाख डॉलरच्या पुढे जाऊन आला, म्हणजे २०२१ च्या शिखरावर घेतलेल्यांचेही पैसे सुटले. तरी मला हा युक्तिवाद पटत नाही. असे चढउतार बोटांवर मोजण्याइतकेच झाले आहेत. एवढ्या थोड्या उदाहरणांवरून मी कोणत्याही कंपनीला प्रमाणपत्र देणार नाही. आणि चार वर्षं थांबण्याची ऐपत ही स्वतःच एक संपत्ती आहे. ज्याच्याकडे खर्चाचे पैसे वेगळे आहेत तो थांबू शकतो. माझ्या बहिणीचे हेच खर्चाचे पैसे आहेत.

महागाईपासून बचाव हा बिटकॉइनच्या बाजूचा सगळ्यात मोठा दावा. त्याची परीक्षा २०२२ साली झाली. जूनमध्ये अमेरिकेतला महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला, चाळीस वर्षांतला सर्वांत जास्त. त्याच वर्षात बिटकॉइनचा भाव साठ टक्क्यांहून जास्त पडला. सोनं वर्षाच्या शेवटी जिथून निघालं होतं तिथेच जवळपास होतं. ज्या संकटासाठी छत्री घेतली त्याच पावसात ती उलटी झाली.

भाच्याला सोन्याचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यायला हवा होता, आणि तो मी दिला. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलं, १९९९ मध्ये २५० च्या आसपास उतरलं, आणि पुन्हा ८५० पाहायला २००८ उजाडावं लागलं. ते सुद्धा नुसत्या आकड्यात. मधल्या महागाईचा हिशेब धरला तर आणखी वाईट. १९८० साली निवृत्त होऊन सगळं सोन्यात घातलेल्या माणसानं म्हातारपण कसं काढलं असेल? साठवण म्हणून मिरवणारी एकही वस्तू कोणत्याही तारखेला खात्रीनं उभी राहत नाही. प्रश्न घसरणीच्या खोलीचा आणि आपल्या गरजेच्या तारखेचा आहे.

आता पैसे कुठून येतात ते पाहू. शेअरमागे कंपनीचा नफा असतो, कर्जरोख्यामागे व्याज. बिटकॉइन काही कमावत नाही. ते विकून मला जे मिळेल ते सगळं पुढच्या घेणाऱ्याच्या खिशातून. सोन्याचंही तसंच, पण सोनं एकदा तिजोरीत गेलं की राखायला थोडकं लागतं. बिटकॉइनची वही राखायला रोज वीज जाळावी लागते, आणि ती जाळणाऱ्या मायनरांना मोबदला द्यावा लागतो. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, प्रत्येकी ३.१२५ नाणी, म्हणजे रोज ४५० नवी नाणी. भाव एक लाख डॉलर धरला तर ही रक्कम दिवसाला साडेचार कोटी डॉलर होते. मायनरांना विजेची बिलं डॉलरमध्ये भरायची असतात, म्हणून यातला बराच भाग बाजारात विकायला येतो. भाव नुसता जागच्या जागी राहायचा तरी तेवढे नवे डॉलर रोज आत यायला हवेत. हे सगळं उघडपणे, जाहीर वेळापत्रकानुसार चालतं, म्हणून मी त्याला पॉन्झी म्हणणार नाही. पण नवे पैसे येणं थांबलं तर काय, हा प्रश्न पॉन्झीला जितका लागू तितकाच इथेही लागू आहे, आणि 'डिजिटल सोनं' म्हणताना हा खर्च कुणी मांडत नाही.

दुसरी बाजू मी हलकी लेखत नाही. ज्या महिन्यात बिटकॉइनचा पहिला ब्लॉक निघाला त्याच जानेवारी २००९ मध्ये झिम्बाब्वेनं शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढली. त्या देशात आयुष्यभराची बचत काही महिन्यांत मातीमोल झाली होती. मार्च २०१३ मध्ये सायप्रसमध्ये बँका बंद ठेवल्या गेल्या, आणि बँक ऑफ सायप्रसमध्ये एक लाख युरोंच्या वर ज्यांच्या ठेवी होत्या त्यांच्या वरच्या रकमेतला ४७.५ टक्के भाग शेवटी बँकेच्या शेअरमध्ये बदलून टाकला गेला. कुणी चोरी केली नव्हती. सगळं कायद्यानं झालं. अशा ठिकाणच्या माणसाला आपल्या नाण्यांची किल्ली, म्हणजे बारा किंवा चोवीस शब्द, डोक्यात ठेवून सरहद्द ओलांडता येणं ही चैन नाही. त्याला चढउतार परवडतात, कारण त्याच्यापुढचा पर्याय त्याहून वाईट आहे. पण चलन ढासळलेल्या देशांतले लोक प्रत्यक्षात काय धरतात ते पाहिलं तर त्यात डॉलरला बांधलेल्या स्टेबलकॉइनचा वाटा फार मोठा दिसतो. त्यांना ब्लॉकचेनची वाट हवी आहे, आणि त्या वाटेवरून न्यायला डॉलर. आणि स्टेबलकॉइन हे पुन्हा एका कंपनीचं आश्वासन: एका नाण्यामागे आमच्याकडे एक डॉलर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या कमोडिटी वायदेबाजार आयोगानं, सीएफटीसीनं, टेदरला ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड केला, तो याच आश्वासनाबद्दल. २०१६ ते २०१८ मधल्या सव्वीस महिन्यांच्या काळात पुरेसा राखीव निधी फक्त २७.६ टक्के दिवशी होता, असं आयोगाला आढळलं.

इथून मी माझ्या खऱ्या मुद्द्यावर येते, कारण भाच्यानं आईसाठी निवडलेली योजना साधं बिटकॉइन घेऊन ठेवण्याची नव्हती. ते एका कंपनीकडे ठेवायचं आणि त्यावर वर्षाला बारा टक्के मिळवायचे, अशी ती होती. त्याच्या डोळ्यांपुढे ती उघडी वही होती. त्या वहीवरचा विश्वास त्यानं न कळत त्या कंपनीला देऊन टाकला होता.

२०२२ हे साल या बाबतीत मी कुणालाही पुन्हा पुन्हा वाचायला सांगेन. टेरा नावाच्या जाळ्यावर यूएसटी हे स्टेबलकॉइन होतं, आणि ते अँकर या व्याज देणाऱ्या योजनेत ठेवलं की वर्षाला वीस टक्क्यांच्या जवळ मिळत. हे वीस टक्के येत कुठून? कर्ज घेणाऱ्यांकडून येणारं व्याज पुरत नव्हतं. राखीव गंगाजळी आटत चालली म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्यात ४५ कोटी डॉलरची भर बाहेरून घालावी लागली. ती बातमी सगळ्यांसमोर होती. व्याज भागवायला मालकाला पदरचे घालावे लागतात, ही खूण ओळखायला ऑडिटर असावं लागत नाही. मे महिन्यात यूएसटीची डॉलरशी बांधलेली गाठ सुटली आणि काही दिवसांत ते आणि त्याचं जोडनाणं लुना मिळून सुमारे ४० अब्ज डॉलर नाहीसे झाले. संकटात उपयोगी पडावीत म्हणून त्यांनी सुमारे ८०,००० बिटकॉइन राखून ठेवली होती. ती जवळजवळ सगळी ओतूनही गाठ सावरली नाही. संस्थापक डो क्वॉननं ऑगस्ट २०२५ मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल केला.

पुढच्याच महिन्यात, १२ जून २०२२ ला, सेल्सियस या क्रिप्टोच्या ठेवी घेणाऱ्या कंपनीनं ग्राहकांना पैसे काढणं बंद केलं. बँकेपेक्षा सुरक्षित अशी तिची जाहिरात चाले, आणि काही नाण्यांवर सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत व्याज देऊ केलेलं. जुलैत कंपनी दिवाळखोरीत गेली. मला सर्वांत जास्त लागला तो जानेवारी २०२३ चा न्यायालयाचा निर्णय: व्याजाच्या खात्यांत लोकांनी ठेवलेली नाणी लोकांची नाहीत, कंपनीची आहेत. सुमारे सहा लाख खाती, ४.२ अब्ज डॉलर. न्यायाधीशांनी मनानं काही केलं नव्हतं. खातं उघडताना प्रत्येकानं 'मान्य' म्हणून ज्या अटींवर बोट दाबलं त्यांतच मालकी कंपनीकडे जाते असं लिहिलेलं होतं. ठेवीदार एका रात्रीत रांगेतले धनको झाले. कंपनीचा प्रमुख अलेक्स माशिन्स्कीला पुढे, मे २०२५ मध्ये, बारा वर्षांची शिक्षा झाली.

एफटीएक्सबद्दल लिहिताना मला अजून संताप येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचं ठिकाण, कोसळलं तेव्हा ग्राहकांचे सुमारे आठ अब्ज डॉलर जागेवर नव्हते. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीनं वापरले होते. कारभार हाती घेतलेल्या जॉन रे यांनी पूर्वी एन्रॉनचं दिवाळं निस्तरलं होतं. त्यांनी न्यायालयाला लिहून दिलं की नियंत्रणाची एवढी संपूर्ण वाताहत आपण कारकिर्दीत कुठे पाहिली नाही. खर्चाच्या मागण्या चॅटवर येत आणि वरिष्ठ इमोजी टाकून त्या मंजूर करत. अब्जावधी डॉलरच्या उद्योगाचे हिशेब क्विकबुक्सवर, छोट्या धंद्यांसाठीच्या प्रणालीवर. लोक ज्याला भविष्यातली बँक समजत होते तिथे व्हाउचरसुद्धा नव्हतं! मालक सॅम बँकमन-फ्रीडला २५ वर्षांची शिक्षा झाली. ग्राहकांना पुढे पैसे मिळाले, पण दिवाळखोरीच्या दिवशीच्या भावानं, म्हणजे एका बिटकॉइनला साधारण १६,८७१ डॉलर. २०२५ मध्ये वाटप सुरू झालं तेव्हा बाजारात त्याचा भाव पाचपटीहून जास्त होता. ज्यांना वाटत होतं आपल्याकडे बिटकॉइन आहे, त्यांच्याकडे एका कंपनीवरचं येणं होतं, इतकंच.

म्हणून मी भाच्याला त्याच्या बारा टक्क्यांबद्दल तीन प्रश्न विचारायला लावले. बारा टक्के तुला देऊन वर नफा उरेल इतक्या महाग व्याजानं कर्ज कोण घेतो? त्यानं तारण काय ठेवलं आहे आणि ते कुणाच्या ताब्यात? कंपनी उद्या बुडाली तर नाणी कुणाच्या नावावर? पहिल्या दोहोंचं उत्तर कंपनीच्या कागदांत कुठे नव्हतं. तिसऱ्याचं त्यानं स्वतःच अटींमध्ये शोधून मला वाचून दाखवलं: मालकी कंपनीकडे. त्यानंतर त्या योजनेचा विषय त्यानंच बंद केला.

तरी नुसतं बिटकॉइन, स्वतःच्या ताब्यात, हा पर्याय उरलाच होता. त्यावर आमच्या दोघांपेक्षा नेमका प्रश्न बहिणीनं विचारला. आमचा वाद ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "उद्या मी गेले, तर हे तुम्हाला कसं मिळणार?"

साठवणीचा हा भाग आम्ही दोघांनीही धरला नव्हता. बँक खात्याला वारस लावता येतो. न्यायालय, कागद, ओळख, वेळ लागतो, पण पैसे जागेवर असतात. बिटकॉइनची किल्ली हरवली तर कोणत्याही न्यायालयाच्या हुकमानं ती परत येत नाही. आणि किल्ली ज्याच्या हाती पडली तो मालक. त्यानं उचललेली नाणी परत आणणारं कुणी नाही. बारा किंवा चोवीस साधे शब्द, २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले, एवढीच काय ती तिजोरी. ते लिहून ठेवावेत तर कुणी वाचेल, न लिहावेत तर आपल्याबरोबर जातील. कॅनडातलं क्वाड्रिगासीएक्स हे एक्स्चेंज त्याचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये वारल्यावर बंद पडलं, तेव्हा आधी सांगण्यात आलं की किल्ल्या फक्त त्यालाच माहीत होत्या. लोक कित्येक महिने ती किल्ली मिळण्याची वाट पाहत राहिले. पुढे चौकशीत निघालं की त्या किल्ल्यांनी उघडणारी पाकिटं, म्हणजे वॉलेट, बहुतेक रिकामीच होती. ऑन्टारिओच्या रोखे आयोगानं २०२० मध्ये त्याला पॉन्झीसारखीच फसवणूक म्हटलं. वहीवर दिसणारी नाणी कुणाच्या ताब्यात आहेत आणि त्याच्यामागे कुणाच्या येतील, हे वही सांगत नाही.

बहिणीनं ठरवलं की तिचे पैसे अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत आणि विमा असलेल्या ठेवींत राहतील. मला तेच योग्य वाटतं. भाच्यानं स्वतःच्या कमाईतून घेतलेलं बिटकॉइन ठेवलं आहे, आणि मी त्याला विकायला सांगितलं नाही. तो तरुण आहे, त्याला त्यातलं कळतं, ते पैसे अमुक तारखेला लागणार असं काही नाही, आणि शून्य झाले तरी त्याचं घर चालेल. त्यानं एक्स्चेंजवरून सगळं स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवलं, आणि शब्द कुठे आहेत ते कळेल अशी सोय एका विश्वासाच्या माणसाकडे केली. ही साठवण नव्हे, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. जगातले आणखी लोक याच वहीला मानू लागतील यावर त्यानं पैसे लावले आहेत. तसं पैसे लावणं गैर नाही, फक्त त्याला बचत म्हणू नये.

माझं मत बदलू शकेल अशी एक गोष्ट मी बघत असते. नव्या नाण्यांचं बक्षीस २०२८ च्या सुमाराला पुन्हा निम्मं होऊन १.५६२५ वर येईल, मग त्याच्याही निम्मं. त्यानंतर वही राखण्याचा खर्च व्यवहार करणाऱ्यांच्या शुल्कातून निघायला हवा. लोक ही वही खरोखर वापरतात, तिच्यात नोंद व्हावी म्हणून पदरचे पैसे मोजतात, आणि त्यातून पहारा चालतो असं दिसलं, तर भाव कितीही खालीवर होवो, तिला स्वतःच्या पायावर उभी म्हणता येईल. शुल्क तेवढं निघालं नाही तर पहारा सैल होईल किंवा मर्यादेलाच हात घालायचा वाद उठेल. मायनरांच्या मिळकतीत शुल्काचा वाटा किती, हे भाचा महिन्याच्या शेवटी त्याच्या नोडवरून काढून मला पाठवतो. अजून तो वाटा फार लहान आहे.